दुकानातला खरा दगड

आमच्या दुकानात खरी वस्तू एकच होती आणि ती विकायची नव्हती. बाकीचा माल माझे वडील, नाना, ज्या नावानं विकायचे ते त्या मालाचं नाव नसायचं, हे मला फार लहानपणी कळलं. त्यात काही वावगं आहे असं वाटायला मात्र बरीच वर्षं जावी लागली, कारण आमच्या घरातली चूल त्याच मालावर पेटायची. गुलमंडीच्या मागच्या एका बोळात, बांगडीवाला आणि अत्तरवाला यांच्या मधे, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं उभं राहावं एवढंच ते दुकान. पुढं काचेचं कपाट, त्यात कापसावर मांडलेले खडे. मागं पडद्याआड दगड घासायचं चाक. ते चाक फिरायला लागलं की दातात कळ यावी असा आवाज निघायचा, आणि त्याच्यावर टांगलेल्या डब्यातून पाणी टिपटिप गळत राहायचं. दुकान मूळचं हमीदचाचांचं. जुन्या शहरात नगीने घासणारे जे शेवटचे दोनतीन जण उरले होते त्यांतले ते एक. नाना त्यांच्या हाताखाली काम शिकले. चाचांना मूलबाळ नव्हतं, म्हणून त्यांच्या माघारी चाक, कपाट आणि गिऱ्हाईक, सगळं नानांकडं आलं.

माल यायचा विहिरींतून. आमच्या मुलखात जमीन खोदली की काळा खडक लागतो. गंगापूरकडं, चितेगावकडं विहिरीला सुरुंग लावला की त्या खडकाच्या पोटातल्या पोकळ्या फुटतात आणि आत पांढरे, गुलाबी, क्वचित हिरवे स्फटिक दिसतात. गावाकडं त्यांना कुणी किंमत देत नाही, गारगोट्याच म्हणतात. विहिरीवरची माणसं पोती भरून आणून टाकायची. नाना त्यातलं हिरवं तेवढं निवडायचे, कापायचे, घासायचे, तेलाचं बोट फिरवायचे आणि कपाटात ठेवताना त्याचं नाव यशब होऊन जायचं. यशब म्हणजे लोक ज्याला हल्ली जेड म्हणतात तो दगड. लेणी बघायला आलेले पाहुणे तो आठवण म्हणून घ्यायचे. पण नानांचं खरं गिऱ्हाईक शहरातलंच होतं, आणि ते हौलदिलीसाठी यायचं.

हौलदिली ही जुन्या शहरातली रीत. यशबाची चपटी टिकली करायची, वर भोक पाडायचं, दोरा ओवायचा आणि गळ्यात अशा लांबीवर घालायची की ती नेमकी काळजावर टेकावी. ज्याच्या छातीत धडधडतं, जो झोपेत दचकतो, ज्याचा जीव घाबराघुबरा होतो, त्यानं ती घालायची. दगड गार, म्हणून काळीज गार, असा सगळा हिशेब. आता हे लिहिताना हसू येतं, पण ते हसू फार वेळ टिकत नाही.

ती एक खरी वस्तू म्हणजे चाचांनी मरताना नानांच्या हातात ठेवलेली हौलदिली. तळहाताच्या खळग्यात बसेल एवढी. रंग ताकात कोथिंबीर वाटून घातल्यासारखा, कडा बोटांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. चाचा म्हणायचे की ती खोतानची, म्हणजे चीनच्या पश्चिम टोकाची आहे. खोतानला दोन नद्या आहेत, एकीत पांढरा यशब वाहत येतो आणि दुसरीत काळा, आणि तिथली माणसं अनवाणी पाण्यात उतरून पायाच्या तळव्यांनी तो ओळखतात. नाना हा किस्सा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे आणि चाचांची हौलदिली त्याच्या गालाला लावायचे. "ठंडा लगता ना? यही असली की पहचान है, साब." गिऱ्हाईक मान डोलवायचं. मग नाना कपाटातली विहिरीची हिरवी गारगोटी पुडीत बांधून द्यायचे. हातात खरा द्यायचा आणि पुडीत खोटा बांधायचा, ही त्यांची हातोटी होती. त्यांना त्याचा अभिमानही होता.

आमचं घर लेण्यांच्या डोंगराच्या अंगाला, बेगमपुऱ्याच्या पुढं. घरात देव नव्हते. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी घरातले देवांचे टाक फडक्यात बांधून गोदावरीत सोडले होते, आणि तो किस्सा आमच्याकडं लग्नाच्या किश्शासारखा पुन्हा पुन्हा सांगितला जायचा. भिंतीवर तथागतांची तसबीर, तिच्यापुढं मेणबत्ती, संध्याकाळी वंदना. बाकी गंडा नाही, दोरा नाही, उपास नाही. नाना या बाबतीत भलतेच कडक. शेजारच्या काकूंनी एकदा माझ्या मनगटाला काळा दोरा बांधला, तर नानांनी मायची कात्री घेऊन तो कापला आणि काकूंना दारात उभं करून सुनावलं. मी तेव्हा चौथीत असेन. मी विचारलं, "मग आपुन दुकानात काय विकतो?"

"ते येगळं," नाना म्हणाले. "ते ताईत नाय. ते खनिज हाय. जमिनीतून निघालेली चीज. त्यात मंतर नाय, बुवा नाय. कळलं का, विशे?"

मला कळलं नव्हतं, पण मान हलवली. त्यांचं उत्तर मी आयुष्यभर चघळत आले आहे. देव सोडून दिलेल्या माणसाला दगड कसा पटवावा, हे त्या उत्तरात सगळं होतं.

माय बुटकी, सावळी, बोलायला कमी. तिचं येसर आमच्या गल्लीत नावाजलेलं. ज्वारी, बाजरी, डाळी, धने, सुकं खोबरं असं सगळं वेगवेगळं भाजून ती खलबत्त्यात कुटायची आणि तो ठोका घराच्या मागच्या ओढ्यापर्यंत ऐकू जायचा. त्या येसराची आमटी आणि हातावरची भाकरी एवढं असलं की नानांना दुसरं काही लागत नसे. तिचं दुखणं आम्हाला आधी कानानं कळलं. खलबत्त्याचे ठोके मधेच थांबायला लागले. चार ठोके, मग शांतता, मग भिंतीला टेकून तिचा श्वास. पुढं ती माझ्याकडून कुटून घ्यायला लागली, आणि माझी परीक्षा आली तेव्हा बाजारातलं तयार येसर आणलं. नानांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "चव गेली येसराची." बायकोचा दम जातोय हे त्यांना दिसलं नव्हतं, येसराची चव गेलेली तेवढी कळली. हे मी अजून विसरलेली नाही आणि विसरायचा विचारही नाही.

दवाखान्यात मीच घेऊन गेले, नाना मागून आले. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. लहानपणी सांधे सुजून ताप येतो, तो बरा होतो पण हृदयाच्या झडपेवर खूण ठेवून जातो, तसं मायचं झालेलं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. झडप अरुंद झाली आहे, रक्त पुढं जात नाही, मागं फुप्फुसात तुंबतं. गोळ्या दिल्या, आणि सांगितलं की गोळ्यांनी आराम पडेल पण झडप उघडणार नाही, त्यासाठी पुण्याला जाऊन ऑपरेशन करावं लागेल. खर्चाची सोय दवाखान्यातूनच होणार होती, चिठ्ठीही तयार होती. म्हणजे आमच्यासारख्यांच्या आड जी नेहमीची गोष्ट येते ती इथं आड आलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी नाना दुपारीच दुकान बंद करून घरी आले, खिशातून चाचांची हौलदिली काढली, तिला नवा काळा दोरा घातला आणि स्वतःच्या हातानं मायच्या गळ्यात बांधली. माझ्यासमोर त्यांनी मायला हात लावलेला मी पहिल्यांदा पाहिला. माय लाजली. खरंच लाजली. नव्या नवरीसारखी खाली बघत बसली.

नाना भित्रे होते. ऑपरेशनला छाती उघडायची म्हटल्यावर आलेल्या भीतीला त्यांनी दगड बांधला. एवढं मी आता समजून घेऊ शकते. माफ मात्र करू शकत नाही.

मायला आराम पडला. पडणारच होता, गोळ्या चालू होत्या. पायांची सूज उतरली, ती पुन्हा चुलीपाशी बसायला लागली. श्रेय गेलं दगडाला. गोळ्यांनी तोंड कडू होतं म्हणून त्या एक दिवसाआड झाल्या, मग आठवण आली तर, आणि पुण्याची चिठ्ठी कपाटावरच्या बरणीखाली पडून राहिली. मी विषय काढला की नाना म्हणायचे, "बरी हाय की आता. बऱ्या माणसाला कापायचं व्हय?"

मी तेव्हा कॉलेजात भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. दगडवाल्याची पोरगी, म्हणून नानांनीच हौसेनं तो विषय घ्यायला लावलेला. एके दिवशी सर आमच्या काळ्या खडकाबद्दल शिकवत होते. हा सगळा मुलूख लाव्ह्याच्या थरांनी बनलेला. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकतात, तिथं पोकळ्या राहतात, पुढं पाणी झिरपून त्यात स्फटिक धरतात. कुणीतरी विचारलं, बाजारात इथला जेड म्हणून मिळतो तो? सर हसले. म्हणाले, "जेड इथं सापडत नाही आणि सापडणारही नाही. त्याला वेगळा खडक लागतो, जमिनीच्या पोटात प्रचंड दाबाखाली पिळवटलेला. ब्रह्मदेशात मिळतो, चीनच्या पश्चिमेला मिळतो. इथं जेड म्हणून विकतात ती फसवणूक." वर्गातल्या दोघींना माझं दुकान माहीत होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, हे त्यांचे उपकार. पण मला लाज वाटली नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. दुकानातला सगळाच माल खोटा, तर हौलदिली तरी खरी कशावरून? चाचांनाही कुणीतरी फसवलं असेल. दगड खोटा ठरला की दोरा तुटेल, आणि दोरा तुटला की पुण्याची चिठ्ठी बरणीखालून निघेल. मी सायकल हाणत घरी आले.

माय अंबाडीची पानं निवडत होती. नाना नुकतेच आलेले. मी सरांचं सगळं सांगितलं.

"मग मी काय येगळं म्हणतो?" नाना म्हणाले. "हितला नायच तो. खोतानचा हाय. चाचा काय खोटं बोलत व्हते?"

"चाचा बोलले म्हणून खरा?"

"अन् तुझा सर बोलला म्हणून खोटा?"

"सरांनी बघितलेला नाय अजून. बघू द्या की मग. कॉलेजात यंत्रं हायेत."

नाना भडकले. पोरगी चार बुकं शिकली आणि बापाचा माल तपासायला निघाली, असं बरंच बोलले. तेवढ्यात माय पानं बाजूला सारून म्हणाली, "भांडू नका. विशे, ने तुझ्या सरांकडं. खोटा निघाला तर मी पुण्याला जाते. पर खरा निघाला तर मला पुन्यांदा जा म्हणायचं नाय." तिनं दोरा डोक्यावरून काढला आणि हौलदिली माझ्या हातात दिली. दगड गार नव्हता. तिच्या अंगानं कोमट झाला होता.

नाना बरोबर आले. परीटघडीचा सदरा घालून, केसांना तेल लावून. प्रयोगशाळेत ते खुर्चीच्या टोकावर बसले. सरांनी दगड खिडकीत धरला, भिंगातून दोनदा बघितला. मग कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पोलादी सुई ओढून बघितली. ओरखडा उठला नाही. दगड आधी हवेत तोलला, मग दोऱ्यानं बांधून पाण्यात सोडून तोलला. या दोन वजनांवरून दगड किती जड जातीचा ते कळतं. सर फळ्यावर आकडे मांडत होते आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, हलका निघू दे, हलका निघू दे. ज्या घरात कुणी कशाला हात जोडले नाहीत त्या घरातली मी, एका तराजूला हात जोडून उभी होते.

सर वळले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. "नेफ्राइट आहे," ते म्हणाले. "अस्सल जेड. आणि कारागिरी जुनी दिसते. कुठं मिळाला तुम्हाला?" त्यांनी शेजारच्या खोलीतून आणखी एका प्राध्यापकांना बोलावून आणलं. नानांनी खोतानच्या दोन नद्या सांगितल्या, आणि सर मान डोलवत म्हणाले की हो, भूगोल बरोबर आहे. नानांना एवढ्या शिकलेल्या माणसांनी खुर्ची देऊन ऐकून घेतलं ते आयुष्यात त्याच दिवशी. मी मधेच बोलले. म्हटलं, "सर, पण ह्यानं हृदयाचा आजार बरा होत नाही ना? तेवढं नानांना सांगा."

सर जरा अवघडले. त्यांनी चष्मा पुसला. "तो माझा विषय नाही," ते म्हणाले. "ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. मी खनिजाचं सांगू शकतो."

पुढं मीही कॉलेजात हाच विषय शिकवला, निवृत्त झाले. सर सज्जन होते, त्यांनी मला पुस्तकं दिली, पुढच्या शिक्षणाला चिठ्ठी दिली. पण एक वाक्य त्यांच्या जिभेवर येऊन परत गेलं. त्याला सभ्यपणा म्हणतात. मला त्या सभ्यपणाची आजही चीड येते.

नानांनी येताना मटण आणलं. गल्लीत ज्याला त्याला थांबवून सांगितलं, "कॉलेजात तपासलं. सायन्सनं सांगितलं." पुजाऱ्यानं सांगितलं असतं तर आमच्या गल्लीत कुणी ऐकून घेतलं नसतं. सायन्सनं सांगितलं म्हटल्यावर पुढं प्रश्नच नव्हता. शेजारच्या काकाही मायला म्हणाले, मग आता काळजी नाय वहिनी. विज्ञानाला एक विचारलं होतं आणि त्यानं त्या एकाचंच उत्तर दिलं होतं. पण आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या तोंडी दुसरंच घातलं.

जेवणं झाल्यावर भांडी घासताना मी मायला म्हणाले, "माय, दगड खरा हाय म्हणून काय झालं? सोनं बी खरं असतंय. सोन्यानं ताप उतरतो का?"

राख चोळता चोळता ती म्हणाली, "तू खोटा निघावा म्हणून गेलतीस. ठावं हाय मला. मी हितं खरा निघावा म्हणून बसलते."

"का पण?"

"ह्या माणसानं उभ्या जन्मात लोकांला खोटं दिलं, विशे. माझ्या लग्नातलं डोरलं बी पितळंचं निघालं. कधी बोलले नाय मी. आता एक चीज खरी दिली, ती बी त्याच्याकडं एवढीच व्हती, ती मला दिली. ती गळ्यातून काढून मी जाऊ व्हय?"

तिला मरायचं नव्हतं, हे मी ठामपणे सांगते. तिला हवी होती नवऱ्याची एक खरी गोष्ट, आणि ती मिळाली म्हणून ती पुढचं काही मागायला तयार नव्हती.

ती उन्हाळ्यात गेली, भर दुपारी, दारातल्या सावलीत बसल्याबसल्या. मी कॉलेजात होते, नाना दुकानात. काकूंनी पाणी पाजायचा प्रयत्न केला तेवढाच. आता इतक्या वर्षांनी, मध्यंतरी माझ्या हृदयाची तपासणी झाली तेव्हा मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना मायचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, अशी झडप आता मांडीतून नळी घालून, फुगा फुगवून उघडतात, छाती उघडावीही लागत नाही. मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन बाकावर बसून राहिले. त्या दिवशी, मायला आंघोळ घालायच्या आधी अंगावरचं काढून घ्यायची रीत आहे, तशी नानांनी हौलदिली काढली. सदऱ्याच्या टोकाला पुसली आणि खिशात टाकली. मला वाटलं, आता हा माणूस ती ओढ्यात फेकेल. मी वाट बघत होते.

पुढं डबा घेऊन दुकानात जाणं माझ्याकडं आलं. एका दुपारी गेले तर काउंटरपाशी एक माणूस उभा होता, खेड्यावरून आलेला दिसत होता, हातात दवाखान्याची पिशवी. त्याची बायको बाहेर अत्तरवाल्याच्या पायरीवर बसलेली. माझ्याहून दोनचार वर्षांनी मोठी असेल. पदर छातीशी धरून ती तोंडानं श्वास घेत होती, आणि तो श्वास मला ओळखीचा होता. नानांनी कापसावरून चाचांची हौलदिली उचलून त्याच्या हातात दिली होती. शेजारी विहिरीच्या दगडाची पुडी तयार नव्हती. या खेपेला ते खरीच विकत होते.

"असली है?" त्या माणसानं विचारलं.

"कॉलेज में जांच हुई है इसकी," नाना म्हणाले. "मेरी बेटी ने खुद कराई. ये खड़ी, इसको पूछ लो."

तो माझ्याकडं वळला. "बेटा, असली है क्या?"

डबा माझ्या हातातच होता. मी नानांकडं बघितलं. ते कपाटाची काच पुसत होते. मी म्हणाले, "पत्थर असली है. मेरी माँ येच पहन के मर गई. तुम इनको बड़े दवाखाने ले जाओ, आज ही ले जाओ."

त्या माणसानं दगड गालाला लावला. थोडा वेळ तसाच धरला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होताना मला दिसला. मग तो नानांकडं वळून म्हणाला, "धागा काला डालना या लाल?"

"काला," नाना म्हणाले, आणि खालच्या खणातलं रीळ काढलं.